मौजनगरीला दोघंच

१७ जून २००४, गुरुवार

सगळ्या साड्या नेल्या! आखाडाला माहेरी जाताना कुणी लग्नातला शालू नेतं?

नंदिनी आज शिरोळला गेली. उद्या आखाड लागतो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सासूनं सुनेचं तोंड बघायचं नाही, म्हणून महिनाभर माहेरी — इथवर ठीक. पण त्याला चार साड्या बास झाल्या असत्या. पेटी उचलायला हात लावला तर हलेना. तेव्हाच उघडून बघायला पाहिजे होतं. ती गेल्यावर कपाट उघडलं. हँगर तेवढे ठेवलेत.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "न्हेऊ दे की. तिच्याच हायत." ह्या माणसाला सांगणं आणि उखळाला सांगणं सारखंच.

१८ जून

विजूनं डबा उचलला आणि वारणेच्या गाडीला गेला. बायको गेल्याचं तोंडावर काही नाही. असलं तरी दाखवणार नाही. बापावर गेलाय.

२० जून, रविवार

खरं लिहायचं तर चूक आमच्या घराची आहे. पुढं चटणी कुटायचा डंक, मध्ये आमची खोली, मागं स्वयंपाकघर. त्याच्या कडेला भिंतीऐवजी एक कपाट, आणि कपाटापलीकडं विजू-नंदिनी. फेब्रुवारीत लग्न झालं, पंधरा दिवसांत हंगाम सुरू. सकाळी डंकाची मुसळं आपटायला लागली की आमच्याकडं कोण हळू बोलूच शकत नाही. पोरगी शिंकून शिंकून बेजार. विजू वारणानगरला डेअरीत, सहाला जातो, आठला येतो. आठला डंक बंद होतो तर हे बातम्या लावतात, त्यापण डंकाच्या आवाजात. मग जेवण, मग दिवा बंद. कपाटापलीकडं जरा खुसफुस झाली की हे खोकतात. मुद्दाम नाही, मिरचीचा खोकला आहे. पण पोरांना काय माहीत.

चार महिन्यांत दोघांना एकमेकांशी चार वाक्यं बोलताना मी ऐकलं नाही. मे महिन्यात एकदा ती परसात रडत होती. विचारलं तर म्हणाली, "मिरची गेली डोळ्यात, आत्या." त्या दिवशी लाईट नव्हती, डंक सकाळपासून बंद होता.

ती परत नाही आली तर? विजू आणायला जाणार नाही, ही स्वतः येणार नाही. दोघं आपापल्या घरात म्हातारी होतील. मला पोरगी आवडते. हे तिला कधी सांगितलं नाही, इथं लिहून ठेवते.

२४ जून

पेपरातून एक रंगीत कागद पडला. मौजनगरी — साताऱ्याच्या अलीकडं, हायवेला. पाळणे, आगगाडी, पाण्यातल्या घसरगुंड्या, राहायला खोल्या. पावसाळ्यात अर्धा दर.

महाबळेश्वर म्हटलं तर विजू लाजून मरेल आणि गल्ली चार दिवस हसेल. पण ही तर पोराबाळांची बाग. जत्रेला गेल्यासारखं. कुणाला काय कळणार?

दोघांनाच पाठवायचं. ठरलं.

२५ जून

घरच्या फोनशेजारी हे बसलेले, म्हणून गल्लीतल्या आकारामच्या फोन-बूथवर गेले. पलीकडचा माणूस म्हणतो, "खोली फक्त फॅमिलीला देतो मॅडम, जोडप्यांना नाही."

मी म्हटलं, "नवरा-बायको म्हंजे फॅमिली न्हवं?"

"मुलं किती आहेत?"

"लग्नाला चार म्हैने झाल्यात. मुलं व्हावीत म्हणूनच तर पाठवालोय की तुमच्याकडं!"

इकडं आकाराम काउंटरखाली वाकून हसायला लागला. शेवटी तिकडचा म्हणाला, लग्नाची पत्रिका आणि दोघांचा फोटो दाखवला तर खोली मिळेल. दहा-अकरा जुलै, शनिवार-रविवार, नाव लिहून घेतलं. आकारामला दम दिला, कुठं बोललास तर चटणी बंद.

२७ जून, रविवार

अल्बम काढला. दीडशे फोटो, एकात दोघंच नाहीत! मंगळसूत्र घालताना मागं बाळासोमामाचा फेटा. सप्तपदीत फोटोग्राफरचाच दुसरा पोरगा. जेवणाच्या पंगतीत मध्ये मी. बाकी सगळीकडं आमच्या वन्सं, शालूबाई. नेसरीहून आल्या त्या लग्न लागल्यापासून पोरीच्या खांद्याला खांदा लावून उभ्या. एका फोटोत तेवढी नंदिनी विजूकडं बघतीय आणि गालात हसतीय. त्याच्याही कडेला शालूबाई आहेतच.

कात्री घेतली आणि शालूबाईंना कापलं. लई बरं वाटलं. उरलेला तुकडा परत अल्बमात खोचला.

३० जून

विजूला सांगितलं. डोकं खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिला. मग म्हणाला, "आई, तिथं ल्हान पोरं जात्यात."

"मग तू लई मोठा हाईस व्हय? बायकोशी बोलायला येत न्हाय अजून."

नाडी बांधून झाली तरी उठेना. म्हणाला, "ती यील का?"

म्हणजे ह्यालाही तीच धास्ती आहे. मी उगीच बापाच्या वळणावर घातला.

१ जुलै

शिरोळला फोन केला. तोंड बघायचं नाही, आवाजाला कुणाची बंदी आहे? विहीणबाई चिमणाबाईंनी पोरीला बोलावलं. मी सगळं सांगितलं.

मग विचारते, "आत्या, कोण कोण जायचं?"

"तुम्ही दोघंच."

"दोघंच?"

"दोघंच की. किती वेळा सांगू?"

"तिथं मिरची न्हाय न्हवं?"

हसू आलं मला. आणि नंतर वाईट वाटलं.

४ जुलै, रविवार

घात झाला.

शालूबाई डोळे तपासायला म्हणून आल्या. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "अल्बम काढ बघू वैनी." मी म्हटलं, सापडत नाही. ह्यांनी — कधी एक वस्तू जागेवर सापडत नाही ह्यांना — उठून बरोबर काढून दिला. पान उलटत उलटत शालूबाई थांबल्या. फोटोत त्या एकट्या, आणि दंडाजवळ सरळ कात्री चाललेली.

"मला कापलंय कुणी?"

आता काय सांगणार? शालूबाईंना कापायचं दुसरं कारण सांगितलं असतं तर ते याहून वाईट झालं असतं. खरं ते सांगितलं. वाटलं चिडतील. त्या कसल्या चिडतात, खूष झाल्या! "आगं मग ट्रॅक्सच करूया की! पोराबाळांच्या बागेत दोघंच जाऊन काय करत्यात? येड्यागत दिसंल. माझी तिघं, थोरल्या जावंची दोन, तू, दादा, मी. दोघंच गेली तर लोक म्हणतील भांडून भाईर पडली."

आमच्याकडं हे असंच. दोघांना निघू म्हणून देत नाहीत, ट्रॅक्स भरल्याशिवाय चाक हलत नाही. आमचं लग्न झालं तेव्हा जोतिबाला जोडीनं जायचं होतं. जोडीनं म्हणजे चौदाजण. हे पुढच्या जीपमध्ये, मी मागच्या.

विजू म्हणाला, "ऱ्हाऊ दे आई. कोणच नको जायला." आणि बाहेर गेला.

५ जुलै

रात्रभर विचार केला. भाकरी थापता थापता सुचलं.

शालूबाईंना म्हटलं, "ट्रॅक्स करायला काय न्हाय वन्सं. पण आखाड हाय. सासरच्यांनी नव्या सुनेचं तोंड बघायचं न्हाय. सासू, सासरा, नणंद. तुम्ही तर चुलत सासू."

"आत्या हाय मी विजूची."

"तेच की. त्याहून जवळची."

रीतभात म्हटलं की शालूबाई लगेच सरळ बसतात. पण डोकं चालतं त्यांचं. "मग विजूला कसं चालतंय?"

"नवऱ्याला बाधत न्हाय. आत्याबाईंनीच सांगितलंतं मला. तुमच्या आईनं."

तोंडावर खोटं बोलले! तेही गेलेल्या माणसाच्या नावानं. आमच्या पहिल्या आखाडात आत्याबाईंनी ह्यांना महिनाभर माझ्या माहेराकडं फिरकू दिलं नव्हतं. हे सायकलवरून कागलपर्यंत आले होते आणि आईला कळलं तर म्हणून अर्ध्यातनं परत गेले होते. मला हे दहा वर्षांनी कळलं, तेपण दुसऱ्याकडनं.

शालूबाईंनी ह्यांच्याकडं बघितलं. "दादा, आई असं म्हणायची?"

हे पेपर वाचत होते. मी मनातल्या मनात अंबाबाईचं नाव घेतलं. पेपर खाली न करता म्हणाले, "व्हय. आई म्हणायची."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. माझ्या बाजूनं हा माणूस पहिल्यांदा बोलला, आणि तेही धादांत खोटं. दिवसभर मला कामात लक्ष लागलं नाही.

१० जुलै, शनिवार

नंदिनी शिरोळहून स्टँडवर येणार, तिथून दोघं पुढं. मी घरीच थांबायचं ठरवलं होतं. राहवलं नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी — बिनतिखटाची — बांधून गेले. पदर हनुवटीपर्यंत ओढला. एक पावणा विचारतोय, "मावशी, डोळ्याचं आपरेशन हाय का?"

ती जवळ आली तेव्हा मी खांबाकडं तोंड केलं आणि डबा मागं धरला. डबा गेला. मग पायाला हात लागला. पदराखालनं मला फक्त तिचे पाय दिसले. पायात जोडवी होती. जीव भांड्यात पडला.

११ जुलै

कोसळतोय नुसता. कसल्या घसरगुंड्या आणि कसलं काय. माझंच डोकं फिरलं होतं.

१२ जुलै, सोमवार

विजू रात्री आला, नंदिनीला शिरोळला सोडून. मी विचारायचं नाही असं ठरवून बसले होते. तोच बोलायला लागला. तासभर! मला वाटलं दुसऱ्याचाच पोरगा आला घरी.

पावसानं सगळं बंद होतं. पाळणे बंद, पाणी बंद. चालू काय तर लहान पोरांची आगगाडी, वर पत्रा होता म्हणून. दोघं त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले. बाकी माणूस नाही बागेत. गाडी चालवणारा ज्ञानू नावाचा म्हातारा, तो म्हणाला, "बसा की पावणं, मला तरी काय काम हाय?" सतरा फेऱ्या मारल्या त्यानं.

"सतरा फेऱ्या काय केलंसा?"

"बोलालतो की," विजू म्हणाला. "आई, ती लई बोलती."

आणि हसला. मग म्हणाला, तिला बारावीनंतर शिकायचं होतं, तिला वांगं आवडत नाही, तिला वाटायचं विजूच तिच्यावर नाराज आहे. चार महिने वांगं करून घालत होते मी तिला.

१८ जुलै, रविवार

आखाड संपला. नंदिनी आली, दुपारच्या गाडीनं, एकटी. विजू आणायला जायच्या आधीच.

चहा पिताना म्हणाली, "आत्या, मला परत यायचं नव्हतं."

म्हटलं, "ठाव हाय."

"मग बोलला न्हाईसा ते?"

"तू तरी कुठं बोललीस?"

मग तिला सांगितलं की तू मला आवडतीस. असं तोंडावर सांगायला लई अवघड जातं. ती रडली. मी पण. डंक बंद होता, मिरचीवर ढकलायची सोय नव्हती.

२५ जुलै, रविवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

विजूनं सकाळी सांगितलं, वारणानगरला कॉलनीत भाड्यानं खोली मिळतीय. डेअरीपासून पाच मिनिटांवर. तिला तिथल्या कॉलेजात नाव घालता येईल. दोघांनी आगगाडीतच ठरवलं होतं. नंदिनी म्हणाली, "आत्या, तुम्हीच म्हणालासा न्हवं, दोघंच."

अगं दोन दिवसांसाठी म्हटलं होतं मी!

राग आला. खूप आला. सून जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, तर सून पोराला घेऊन चालली. ताटावरनं उठले. परसात जाऊन बसले. आणि तिथं बसल्यावर आठवलं, ती मे महिन्यात इथंच बसून रडत होती. परत आत आले आणि म्हटलं, जावा. भांडी मी देते.

शालूबाईंचा फोन आला. "अधिक महिना हाय! अधिकात नवीन घर मांडत्यात व्हय?" ह्यांनी माझ्या हातातनं फोन घेतला. म्हणाले, "आई म्हणायची, भाड्याच्या खोलीला अधिक बाधत न्हाय." आणि ठेवून दिला.

१ ऑगस्ट, रविवार

टेम्पो दहाला गेला. दिवसभर घर आवरलं. कपाट भिंतीला लावलं.

संध्याकाळी ह्यांना वाढलं आणि नेहमीसारखी चुलीजवळ उभी राहिले, काय लागेल ते बघायला. हे जेवेनात. म्हटलं, मीठ कमी आहे का. म्हणाले, "तू बी घे की. आता कुणाचं वाढायचं ऱ्हायलंय?"

समोर बसले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. हे किती हळू जेवतात. मला माहीतच नव्हतं.