स्वरूपाला घराबाहेर काढू नये

मी, नीला लक्ष्मणराव खैरे, वय अडुसष्ट, कारखान्यातून निवृत्त, राहणार आकुर्डी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझा पुतण्या दिग्विजय मला भ्रम झालाय असं सांगत फिरतो, म्हणून डॉ. मिनल यांचा दाखला मुद्दाम सोबत जोडला आहे.

१. आकुर्डीचा फ्लॅट खरेदीखतावर माझ्या एकटीच्या नावाने असला, तरी तो मी आणि स्वरूपाने मिळून घेतला. आम्ही जोडीने संसार केला. सोसायटीने तिला शेवटपर्यंत माझी भाडेकरू मानलं. जिन्यात लोक मला नमस्कार करत आणि तिच्याकडे न बघता पुढे जात. गेल्या वर्षी ती वारली.

२. तेव्हापासून मात्र ती सगळ्यांना दिसते. आधी शेजारच्या केसरबाईंना दिसली. मी बाजारातून आले तर त्या दारातच म्हणाल्या, "सरूताई गॅलरीत कपडे काढत्यात. हाक मारली तर हसल्या." आत कपड्यांच्या घड्या तिच्या पद्धतीने, बाह्या आत दुमडून ठेवलेल्या होत्या. आता वॉचमनही तिची खुशाली विचारतो. मला ती एकदाही दिसलेली नाही. याचा मला फार राग येतो, तिचासुद्धा.

३. दिग्विजयने मला न विचारता दाराला लिंबू-बिब्बा बांधला, आणि घर शांत करायला माणूस आणतो म्हणाला. तो लिंबू-बिब्बा मी त्याच्या नावे करते. बाकी त्याला काही नाही.

४. फ्लॅट योगिनी आणि साक्षी यांना समान हक्काने मिळावा. दोघी माझ्या ओळखीच्या, चाकणला कंपनीत आहेत. जोडीने राहतात, म्हणून कोणताही घरमालक त्यांना टिकू देत नाही. मी फ्लॅटचा विषय काढला तेव्हा साक्षीने माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारलं, "मावशी, आम्ही राहायला आलो तर चालेल ना?" तिथेच माझं ठरलं. अट एकच: घरात शांती, उतारा असलं काही करायचं नाही. स्वरूपा तिथेच राहील. मेल्यावर तरी ती मला दिसेल अशी आशा आहे, त्यामुळे मीही येईन. पोरींनी घाबरू नये.

ठिकाण: आकुर्डी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
(सही) नीला लक्ष्मणराव खैरे

साक्षीदार:

१. केसरबाई काळभोर. नीलाताईंनी माझ्या समक्ष सही केली. सरूताई शेजारी बसल्या होत्या. त्यांचा हात नीलाताईंच्या हातावर होता.

२. डॉ. मिनल ओव्हाळ. वरीलप्रमाणेच.