आजच्या तारखेचा शिक्का

सोमवार, ३ नोव्हेंबर २०१४, दुपारचे चार वाजून अकरा मिनिटं. सेज फोर्कच्या पोस्टाबाहेर गाडीत बसलो आहे आणि पेन धरता येईल इतकी बोटं ऊबदार होण्याची वाट बघतो आहे.

ती. ओपल मावशीस,

लायलचा सादर नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? टोलेडोत बर्फ पडला असेल, तर पायऱ्यांवर मीठ टाकल्याशिवाय बाहेर पाऊल ठेवू नकोस. मी ठीक आहे. वजन थोडं उतरलं आहे (पण आमच्या केंद्रातला काटा माशांसाठी आहे, माणसांच्या बाबतीत तो किती खरं बोलतो, सांगता येत नाही).

तुझं पार्सल शुक्रवारी मिळालं. मोजे अगदी बरोबर बसले. मोज्यांच्या खाली तो जाड सरकारी लिफाफा होता. त्यावर तू पेन्सिलीने 'शनिवार, ४ ऑक्टोबर, सही करून घेतला' असं लिहिलं आहेस, त्याबद्दल मी तुझा जन्मभर ऋणी राहीन. तो तीन आठवडे तुझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला यात तुझी काहीच चूक नाही. 'माझं काही आलं तर नीट ठेव, मी आलो की नेईन' असं मीच सांगून गेलो होतो. मग मी दोन वर्षं आलोच नाही, एवढीच काय ती त्या व्यवस्थेत खोट.

लिफाफ्यात काय होतं, ते आता सांगतो. गेल्या वर्षी ट्राउट मासे वाढवण्याच्या आमच्या सरकारी केंद्रात हौदांवरच्या मुख्याची जागा निघाली. मी सहा वर्षांचा जुना. जागा मिळाली दोन वर्षांच्या नव्या माणसाला. माझ्या कागदावर साहेबांनी कारण लिहिलं: 'फोनवर समाधानकारक बोलू शकत नाही.' (मावशी, सहा वर्षांत एकाही ट्राउटने मला फोन केलेला नाही. आणि माशांशी बोलताना मी मुळीच अडखळत नाही, हे तुला म्हणून सांगतो. हौदाकाठी उभा राहून मी त्यांना हवामान, बातम्या सगळं सांगतो, एका दमात.) तोतरेपणावरून माणसाला डावलता येत नाही, असा कायदा आहे, म्हणून मी तक्रार केली. तिचा निकाल त्या लिफाफ्यात होता. खात्याने स्वतःची चौकशी केली आणि स्वतःला निर्दोष ठरवलं. वरती अपील करायला तीस दिवस. तीस दिवस मोजायचे लिफाफा हातात पडल्यापासून, आणि माझ्या कागदोपत्री हात म्हणजे तुझे हात. म्हणजे शेवटचा दिवस आज. आज चुकलं की साहेबांचं ते वाक्य कायमचं खरं ठरणार.

शुक्रवारी हॅलोविन होता. दारोदार गोळ्या मागत फिरणाऱ्या मुलांसाठी मी मोठी पिशवी आणून ठेवली होती. मी राहतो तो ट्रेलर गावापासून नऊ मैलांवर आहे, कोणीच आलं नाही. मग गोळ्या खात मी अपील लिहायला बसलो. शनिवार, रविवार लिहिलं. सव्वीस पानं झाली. (शाळा दहावीत सुटली असली तरी शब्दकोश सुटलेला नाही, एकेक शब्द तीनदा तपासला.) आज दुपारी सोबतची सूचना पुन्हा वाचली, तर आज फक्त एका पानाचा अर्ज पाठवायचा होता! नाव, पत्ता, सही. सविस्तर म्हणणं मांडायला पुढे आणखी तीस दिवस आहेत. मी गोळ्यांची पिशवी उलटी करून पाहिली, तीही संपली होती.

पोस्टात पोचलो तेव्हा चारला नऊ मिनिटं कमी होती, आणि चारला पोस्ट बंद होतं. लिफाफ्यावरच्या शिक्क्याची तारीख धरतात. पण इथे पेटीत टाकलेलं टपाल संध्याकाळच्या गाडीने कॅस्परला जातं आणि शिक्का तिथे बसतो, दुसऱ्या दिवशीचा. आजचा हवा असेल तर खिडकीवर सांगून हाताने मारून घ्यावा लागतो. सांगून, मावशी.

मी तोंड उघडलं आणि शब्द दारातच अडकला. खिडकीतल्या बॉनीबाई स्वभावाने मदत करणाऱ्या. म्हणाल्या, "तिकिटं हवीत? झेंड्याची देऊ की फुलांची?" मी घेतली. मग त्यांना वाटलं, खोका. तोही घेतला. (माझ्या घरातल्या निम्म्या वस्तू दुसऱ्यांनी माझी वाक्यं पूर्ण केल्यामुळे आलेल्या आहेत. मला कॉफी आवडत नाही, हे या गावात कोणाला ठाऊक नाही.) मागे म्हातारा एल्डन उभा होता. तो म्हणाला, "पोरा, मी आत आलो तेव्हा माझी गाय गाभण होती. आता वासरू चालायला लागलं असेल."

"एल्डन, तुझं लग्नाचं विचारणं अकरा वर्षं चाललं होतं," बॉनीबाई म्हणाल्या. "तू बोलूच नकोस."

खिशात कागद होता, पेन होतं. चिठ्ठी लिहून सरकवली असती तर काम एका मिनिटात झालं असतं. पण मग साहेबांनी लिहिलेलं मीच सही करून मान्य केल्यासारखं झालं असतं. मी लिहिलं नाही. चार वाजले. बॉनीबाईंनी बाहेरचं दार लावलं, एल्डनसकट आम्हाला आत ठेवून. परत येऊन त्या खिडकीवर कोपरं टेकून बसल्या आणि या वेळी त्यांनी काहीच सुचवलं नाही. एल्डनने टोपी काढली, का ते त्यालाच माहीत. किती वेळ गेला, ते मी पाहिलं नाही. मग मी म्हणालो, "आजच्या तारखेचा शिक्का मारा."

"एवढंच?" बॉनीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, घरात कोणी गेलं की काय." आणि त्यांनी मारला. गोल, काळा, आजचा. चार वाजून गेलेत, असं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शिक्क्यात तारीख असते, राजा. घड्याळ नसतं."

तुझा,
लायल

ता. क. मोज्यांबद्दल पुन्हा आभार. तू पाठवलेलं लोणचं वाटेत फुटलं, हे कळवणार नव्हतो. निकालाला अजूनही बडीशेपेचा वास येतो.

आणखी एक. अर्जात कायमचा पत्ता विचारला होता. ट्रेलर भाड्याचा आहे, त्याआधीची खोलीही भाड्याची होती. मी बराच वेळ रकाना बघत बसलो आणि पुन्हा तुझाच पत्ता लिहिला. न विचारता. लिफाफा बंद झाल्यावर विचारतो आहे: चालेल ना?

आणि शेवटचं, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. पुढचा निकालही तुझ्याकडेच येईल. तो ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस, मला फोन कर. मी उचलीन, पण लगेच आवाज येणार नाही. गेल्या नाताळात तुला तीनदा फोन आला, पलीकडे कोणी बोलेना, आणि तू "मेल्यांनो, सणाच्या दिवशी तरी" म्हणून ठेवून दिलास, तो मीच होतो. या वेळी ठेवू नकोस. सरकारनेसुद्धा मला तीस दिवस दिले, तू तीसपर्यंत आकडे मोज.