परसात झाड असताना

आई, परवा मी चर्चच्या पेटीवाल्या काकांच्या घरी जाऊन अगदी तुझ्यासारखी वागून आले आणि पकडली गेले. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून स्वयंपाकघरात ओट्याशीच कागद पसरून बसलेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, गावात काय काय बदललं, पण आपल्या मंडळीतले रुसवेफुगवे मात्र आहेत तसेच आहेत. त्यांची काळजी करू नकोस.

झालं असं, की आपले नवे पाळकसाहेब तरुण आहेत, उत्साही आहेत, आणि गेला महिनाभर दर रविवारी कृपादानांवरच संदेश देतायत. देवानं प्रत्येकाला काहीतरी दिलंय, ते झाकून ठेवू नका, मंडळीच्या उपयोगी आणा, असं. बोलतात छान. महिला मंडळात तर त्यांनी एकेकीला उभं करून विचारलं, तुमचं दान कोणतं? कुणी म्हणाली शिकवणं, कुणी गाणं, कुणी पाहुणचार. एकीनं भविष्यवाणी म्हटल्यावर तिची शेजारीण हळूच सरकून बसली. मग माझी पाळी आली. चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की मी मागच्या बाकावर सरकते, हे तुला ठाऊक आहेच. मी म्हटलं, "माझ्याकडं काय न्हाय बघा. आईचं मागत फिरणं तेवढं आलंय." सगळ्या हसल्या. तुला ओळखणाऱ्या म्हाताऱ्या जरा जास्तच हसल्या.

आणि त्याच दिवसांत तरुण संघानं कीबोर्ड आणला. पोरांनी हौसेनं तो पेटीच्या जागी मांडला, पेटी उचलून मागच्या खोलीत सतरंज्यांवर ठेवली, आणि काकांना सांगायचं सगळेच विसरले. काका रविवारी नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी आले, आपली जागा बघितली आणि उपासना सुरू व्हायच्या आत घरी गेले. नंतर पाळकसाहेब समजूत घालायला गेले, तर काका म्हणाले, "तुमी सांगताय, हरेकाला दान हाय. मग माझं उचलून अडगळीत कुणी ठेवलं?" पाळकसाहेब तसेच माघारी फिरले. पंच मंडळी गेली, ती चहा पिऊन परत आली. तोंडावर आलेला नाताळ पेटीशिवाय मी सोसला असता गं. पण काकू आता नाहीत, मुलगा परदेशात. ते घरातून बाहेर पडायचे ते फक्त चर्चसाठी. आता घरात बसले तर बसलेच, या विचारानं मला रात्री जेवण जाईना. मग मला तू आठवलीस, आणि तुझा तो कढीपत्ता.

मी सात-आठ वर्षांची असेन. काकू मंडळीवर रुसल्या होत्या. त्यांची प्रार्थना मारुतीच्या शेपटासारखी लांबते, म्हणून कुणीतरी डोळे उघडून घड्याळ बघितलं होतं आणि नेमका काकूंनीही त्याच वेळी डोळा उघडला होता. तू दवाखान्यातली ड्यूटी संपवून घरी येतेस, पदर खोचतेस आणि मला म्हणतेस, "चल गं, काकूकडनं कढीपत्ता आणू." आपण त्यांच्या दारात उभ्या. तू मागतेस, काकू तोंड फुगवून आत वळतात, आणि मी पेठेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "पर आपल्या परसात झाड हाय की गं!" दंडाला काढलेला तो चिमटा मला अजून आठवतो. घरी आल्यावर वर बोलणी खाल्ली, "तोंड हाय का कर्णा? काय बोलावं आन् कुठं बोलावं, काय पाचपोच हाय का?" मी रडले. शेजारीपाजारी सारखं मागत फिरणारी आई मला त्या वयात लाजिरवाणी वाटायची. कुणाकडं पातेलं, कुणाकडं आलं, कुणाकडं विणकामाचा टाका. आपल्याकडं नसायचं असं त्यातलं फारच थोडं होतं.

पण त्या दिवशी कढीपत्ता घेऊन तू उठली नव्हतीस. काकूंच्या जोत्यावर बसून म्हणालीस, "माझा गुडघा लई धरलाय. जरा प्रार्थना कर की." आणि काकूंनी केली. तुझ्या गुडघ्यापासून सुरुवात करून त्या साऱ्या जगाच्या राजांपर्यंत गेल्या आणि परत आल्या. मी माशा मोजत होते. तू डोळे घट्ट मिटून, शेवटच्या आमेनपर्यंत हलली नाहीस. पुढच्या रविवारी काकू चर्चमध्ये होत्या. गुडघा खरंच धरला होता का, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मागून आणलेला पाला फोडणीत टाकताना एवढंच म्हणालीस, "त्यांचा लई वासाचा हाय."

तर परवा मी काकांकडं गेले. चर्चचा विषयच काढला नाही. म्हटलं, "काका, आई म्हणायची ती नाताळच्या गाण्याची जुनी चाल आम्हा बायकांना कुणालाच येईना झालीय. तेवढी शिकवा." काका म्हणाले, "त्या कीबोर्डला इचारा." पण गुणगुणले. मी मुद्दाम चुकीचं म्हटलं. पुन्हा गुणगुणले, मी पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा लाल झाला. "आगं, कुठं निघालीस? खाली ये, खाली!" असं ओरडत उठले, घरच्या पेटीवरचं फडकं काढलं आणि भाता मारायला लागले. आई, त्या खोलीत पेटीचा सूर भरला आणि माझं मुद्दाम चुकायचं राहूनच गेलं. तू चुलीपाशी म्हणायचीस तशी सगळी चाल तोंडातून सरळ बाहेर आली. काका थांबले.

"तुला येतीया की ही."

मी खाली मान घातली. काका हसायला लागले, अगदी खोकला येईपर्यंत. "तुझी आई बी आशीच. परसात झाड, आन् आमच्या दारात कढीपत्ता मागाय उभी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू दारात वरडलीस की कर्ण्यागत! आन् त्याच्या आदीबी ठावं हुतं. समद्या मंडळीस्नी ठावं हुतं."

"मग काकूंनी दिला कसा?"

"मागाय आल्याली बाई ती. द्याया नगं व्हय?" मग जरा वेळानं, पेटीच्या पट्ट्या फडक्यानं पुसत म्हणाले, "ही लई खूश असायची, तुझी आई येऊन गेली की. म्हनायची, आपल्याबिगर तिचं अडतं."

मला रडू आलं, आणि त्यांनी ते न बघितल्यासारखं केलं. निघताना दारातून हाक मारली, "त्या पोरास्नी सांग, काळी चारची पट्टी धरा म्हनावं. बायकास्नी तीच बसती." काल रविवारी ते स्वतःची पेटी रिक्षात घालून घेऊन आले. पोरांनी कीबोर्ड सरकवून जागा केली. पहिल्याच गाण्यात काकांनी त्यांना दोनदा झापलं, आणि पोरं खुशीत होती. पाळकसाहेब मला बाहेर भेटून विचारत होते, तुम्ही काय बोललात त्यांच्याशी? मी म्हटलं, काही नाही, मागायला गेले होते.

नाताळच्या प्रीतिभोजनाचा पांढरा रस्सा यंदा माझ्याकडं आहे. म्हणून तर ओट्याशी बसलेय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, एवढं मला कळतं. घडी घालून मसाल्याच्या डब्याखाली ठेवीन. आणि एक कबूल करते. पांढरा रस्सा मला चांगला येतो. तूच हाताला धरून शिकवलास, घरी दरवर्षी करते, पातेल्यात थेंब उरत नाही.

तरी विचारते, आई. खसखस किती घालू?