विमानातली दारवाली खुर्ची

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या निम्मीच अंगं टेकतात, बाकीची मनाने टेकली असं समज.) तुझ्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचं भाचीने कळवलं. त्याआधी आम्ही दोघांनी विमानाने तुझ्याकडे यायचं, हेही तिने ठरवून टाकलं. फक्त कुठल्या वर्गाने यायचं ते मला ठरवता येईना, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिने फोनवर चार वर्ग समजावले: इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्ट. मामा, खर्चाचं बघू नका, नुसतं निवडा, म्हणाली. तिथेच माझं डोकं चालेनासं झालं. भारीतलं स्वस्त घ्यायचं की स्वस्तातलं भारी? बिझनेसमध्ये म्हणे आडवं झोपता येतं. (धंद्यातला माणूस मी तरी कधी निवांत झोपलेला पाहिला नाही.) शिवाय लाउंज नावाची एक खोली असते, तिथे विमानात बसायच्या आधी बसायचं. बसायला जाण्यासाठी बसायचं कशाला, असं विचारलं तर पोरगी हसतच सुटली.

आता मी जन्मभर सोफे शिवणारा माणूस. बूड टेकल्याशिवाय खुर्ची पसंत करणं माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा मापं मागवली आणि कारखान्यात प्लायवूड अन् फोमच्या चारही वर्गांच्या खुर्च्या ठोकल्या. त्यापायी एका गिऱ्हाइकाचा दिवाण रखडलाय. (ते रोज तणतणत येतं आणि प्रीमियम इकॉनॉमीत बसून चहा पिऊन जातं.)

फर्स्ट क्लासला चारी बाजूंनी भिंती आणि सरकतं दार. हौसेने आत बसलो, पाय लांब केले, दार ओढलं आणि ते अडकलं. पट्टी मीच बसवलेली, बोलणार कुणाला? छातीत धडधड, तळव्यांना घाम, आणि अजून आपण जमिनीवरच होतो हं. बाहेरून तुझ्या भावजयीने शांतपणे विचारलं, "उतरायचंय का?" मग स्क्रू काढून तिने मला सोडवलं. इकॉनॉमीत मात्र ती शेजारी बसली. तिचं कोपर माझ्या बरगडीत, माझा गुडघा पुढच्या फळीला, आणि मला चक्क डुलकी लागली. जास्त पैसे मोजायचे ते शेजारी कोणी नसावं म्हणून, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

असो. ऑपरेशनला अजिबात घाबरू नकोस. मी आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. भाचीला सांग, सगळ्यात मागची तिघांची रांग चालेल. मला मधे बसवायला सांग. कारण गुडघ्याचं दे. तुला एकटीला खरं सांगतो ताई, मला विमानाची भयंकर भीती वाटते. हात धरायला कोणीतरी लागेल.

ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी मी लिहिते. तुमच्या लेकीला सांगून तिकिटं मी परवाच काढवली, मागच्याच रांगेची. यांना बोलले नाही. खुर्च्या ठोकताना तेवढीच भीती विसरतात. आणि हात धरायचं म्हणाल, तर भीती मलाही वाटते. पण ते यांना कळू देऊ नका, नाहीतर आम्ही दोघंही घरीच राहू.