पाटीचे चार खिळे

प्रिय आई,
तुझ्या पाया पडतो. मी ठीक आहे, शाळेतली नोकरीही शाबूत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

माझं अक्षर नेटकं म्हणून इतिहासाच्या बाईंनी शाळेच्या बागेसाठी पाटी लिहायला दिली: ‘प्राचीन ग्रीक मानत, की झाडात देवता राहते. झाड दुखावलं की तीही दुखावते.’ मी ती पाटी पट्टीने मापून, अगदी सरळ, चार खिळ्यांनी झाडावर ठोकली.

एका मुलीने वाचून विचारलं, “दादा, मग तिला टोचलं नाही?” सगळे हसले. मला मान वर करवेना.

खिळे काढले. रोमन लोक देवराईतलं झाड तोडण्याआधी क्षमा मागत, असं बाई शिकवतात. मी नंतर मागितली, हळूच.

आपल्या दारातल्या झाडात कपड्यांच्या दोरीचा खिळा मीच ठोकलाय. बाबांना काढायला सांग. दोरी कुठे बांधशील, ते मात्र सुचत नाही.

तुझा,
धाकटा