अप्पांनी शिकलेलं ‘ट्रेंडी’

अप्पा, आज नांदेडच्या माझ्या बुटीकमध्ये एक मुलगी आली आणि म्हणाली, “मॅडम, काहीतरी ट्रेंडी दाखवा.” मला हसू आवरेना. बिचारीला वाटलं, मी तिलाच हसले. उदगीरच्या आपल्या कापडदुकानात या शब्दानं काय धुमाकूळ घातला होता, ते तिला कसं सांगणार?

कॉलेजच्या पोरी हा शब्द घेऊन दुकानात यायला लागल्या, तेव्हा जेवताना तुम्ही मला विचारलंत, “ट्रेंडी म्हंजे काय गं?” मी सांगितलं, “सध्या सगळे घालून राहिलेत ना अप्पा, ते.” “आन् मग?” “मग दुसरं काहीतरी येतं, हे मागं पडतं.” तुम्ही मान हलवलीत. दुसऱ्या दिवशी थोरला दादा गल्ल्यावर बसलाय आणि तुम्ही, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, गादीवर बसून एका पोरीपुढं ड्रेसचं कापड उलगडताय. “हे लई ट्रेंडी हाय माय,” अगदी कौतुकानं सांगताय, “दिवाळीपतूर घालून घे. मग न्हाई कुणी बघायचं त्याच्याकडं.” पोरगी कापड ठेवून उठते. दादा कपाळाला हात लावतो. “अप्पा, ते सांगायचं नसतं.” “का? अर्थच हाय की त्याचा.” मी ताग्यांमागं पोट धरून हसतेय. पुढं मात्र पोरींच्या आया तुम्हालाच शोधत यायला लागल्या, “ट्रेंडी नसलेलं दाखवा” म्हणत.

मग मी फॅशनचं शिकायला पुण्याला जायचं काढलं. काका घरी येऊन बसले. “चार दिसांचं खूळ हाय, लगीन उरकून टाका.” तुम्ही नको म्हणाला असतात, तर मी गेलेच नसते. तुम्ही माझ्याकडं वळलात. “पोरी, हे तुझं शिकायचं, ट्रेंडी हाय का?” काकांना काही कळेना. “न्हाई अप्पा,” मी म्हणाले. “मग जा.” काका चहा न घेता उठले, आणि त्यांचाही चहा तुम्हीच संपवलात. इतका आनंद मला पुन्हा क्वचितच झाला.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? म्हणूनच आता खरं ते लिहून टाकते. ते माझं शिकणं किती टिकेल, मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, अप्पा. तुम्हाला तेच ऐकायचं होतं, तोंडावर दिसत होतं तुमच्या, म्हणून ‘न्हाई’ म्हणाले.