दुपारी बंद पडणारी गाडी

भवानी पेठ, सोलापूर
दि. १० एप्रिल २०२४

तीर्थरूप चन्नवीर काकांना,
श्रीदेवीचे शरणु. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही टेबलाच्या खणात ठेवता, तेव्हा पत्रच लिहिते. गुरम्मा काकूंची गुडघेदुखी कशी आहे? इथं ऊन आत्ताच भाजायला लागलं आहे.

अप्पांची गाडी पुन्हा बंद पडते आहे. सात वर्षांपूर्वी तुम्ही इंजिन बांधून दिल्यापासून ती कधी नीट चाललीच नाही, असं अप्पा म्हणायचे. चन्नूनं माझं इंजिन बिघडवलं, म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, अण्णाला चालवता येत नाही, टॉप गिअरमध्ये दडपून नेतो. एवढ्यावरून तुम्ही सख्खे भाऊ पाच वर्षं बोलला नाहीत, आणि मग अप्पाच गेले. दोघांत खरं कोण होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

गाडी १९८९ची. येत्या चोवीस मेला आरटीओत तिचं पासिंग आहे, वेळ दुपारी साडेबाराची. नापास झाली तर आपल्या धाकट्या नंदीशनं पुण्यात बसून भंगारवाला ठरवून ठेवलाय. ताई, पस्तीस वर्षांचं लोखंड सांभाळून काय करणार, असं विचारतो. गाडी भंगारात गेली की तुमचं भांडणही तसंच, न मिटता, तिच्याबरोबर जाईल, हे त्याला कसं सांगू?

तीन मेकॅनिक झाले. पहिल्यानं प्लग बदलले. दुसऱ्यानं कार्ब्युरेटर साफ केला. तिसरा म्हणतो, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. प्रत्येकाकडे मी कामावरून सुटल्यावर संध्याकाळी गाडी नेते आणि तिथं ती पहिल्या सेल्फला चालू होते. मग तो माझ्याकडे असा बघतो, जणू मीच बिघडले आहे.

तुमच्या गॅरेजमधले पत्र्याचे डबे आठवतात. ज्या गाडीचं इंजिन उघडलं तिचे सुटे भाग एका डब्यात, वर रंगानं मालकाचं नाव. डबा रिकामा झाल्याशिवाय बॉनेट लावायचं नाही, हा तुमचा नियम मी शाळेच्या निबंधात लिहिला होता. तसा माणूस इथं कुठं मिळेना.

लोभ या उन्हात तापू देऊ नये.
आपली,
श्रीदेवी


बार्शी
दि. १५ एप्रिल

चि. श्रीदेवी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कानाच्या मशीनमधून माणसं ऐकू येत नाहीत, नुसता खरखराट येतो. म्हणून ते खणात. काकूचा गुडघा आहे तिथंच आहे.

इंजिन मी बांधलंय. हजार एकोणनव्वद सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल. असली इंजिनं मी डोळे मिटून बांधत होतो. हेड गॅस्केट गेलं असतं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर आला असता, रेडिएटरचं पाणी कमी झालं असतं, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. यातलं तू काहीच लिहिलं नाहीस. म्हणजे तिसऱ्याला काही कळत नाही.

पहिल्यानं प्लगच्या वायरी अदलाबदल केल्या असतील. रेडिएटरकडून सिलिंडर मोज. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. चुकला की गाडी खोकते. ठिणगी देणाऱ्या पॉइंटमध्ये लग्नपत्रिकेचा जाड कागद जेमतेम जाईल एवढीच फट हवी. आणि टॉपमध्ये दडपू नको. चालवत असशील बापासारखीच.

मी येणार न्हाय. ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्यानं बॉनेटला हात लावू नये. चार वर्षं झाली, गॅरेजला कुलूप आहे.

लोभ आहेच. त्याला सेल्फ मारावा लागत नाही.
तुझा काका,
चन्नवीर


सोलापूर
दि. २२ एप्रिल

तीर्थरूप काकांना,
श्रीदेवीचे शरणु. सा. न. वि. वि.

आधी भांडते, मग हकिकत सांगते. बापासारखी चालवते, हे मला शिवी म्हणून लिहू नका. मला गाडी अप्पांनीच शिकवली आणि मी टॉपमध्ये दडपत नाही.

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. वायरींचा क्रम बरोबर निघाला. आमच्या हेमावतीच्या लग्नपत्रिकेचा कोपरा कापून पॉइंटमध्ये घातला, फटही बरोबर निघाली. चांगल्या साडीच्या पदराला काळं लागलं, ते साबणानं जात नाही. एवढं होऊन काय? शनिवारी अर्धी रजा टाकून पासिंगच्या कागदांसाठी गेले. जाताना झकास. दुपारी दीड वाजता परतताना आमच्या टॉवेल कारखान्याच्या फाटकासमोरच बंद पडली. मागे टेम्पो, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. एक रिक्षावाला शेजारी थांबून विचारतो, मावशी, म्युझियममधून आणली का? मला रडू आलं, काका. या वयात रस्त्यावर रडणं फार वाईट दिसतं.

शेवटी आमचा वॉचमन ज्ञानबा आला. तापलंय की बाई ते, म्हणाला, आणि नापास मालातला एक टॉवेल पिंपात बुडवून आणला. पेट्रोलच्या नळ्या ज्या गोल पंपाला जोडल्या आहेत, त्यावर तो गुंडाळला. दहा मिनिटं आम्ही सावलीत उभे राहिलो. मग गाडी काहीच न झाल्यासारखी चालू झाली. एवढं शिकून मी, आणि माझ्या गाडीचा डॉक्टर वॉचमन!

पासिंगला आता महिनाच उरला. मी फार थकले आहे.

रागावले असले तरी लोभ तसाच आहे.
आपली,
श्रीदेवी


बार्शी
दि. २७ एप्रिल

चि. श्रीदेवी हिस,
अनेक आशीर्वाद.

टॉवेल कुठं गुंडाळला ते लिहिलंस, हे लई बरं केलंस. गाडी दुपारची बंद पडते हे तू आधी सांगितलं नव्हतंस आणि मीही विचारलं नव्हतं. संध्याकाळी नेल्यावर कुणाला काय सापडणार? तोवर इंजिन निवतं.

ही वाफ आहे. पंप इतका तापतो, की आत पेट्रोलचीच वाफ होते. वाफ त्याला ओढता येत नाही. मग इंजिनाला पेट्रोल नाही.

आता नीट वाच. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बोटाएवढा जाड, काळा, फायबरचा ठोकळा असतो. इंजिनाची आच पंपाला लागू नये म्हणून. सकाळी गाडी गार असताना बघ, तो आहे का. लगेच कळव.

चन्नवीर काका


सोलापूर
दि. २ मे

तीर्थरूप काकांना,
शरणु. सा. न. वि. वि.

ठोकळा नाही. बॅटरी लावून दोनदा पाहिलं. पंप थेट इंजिनाला चिकटला आहे, मध्ये नुसती कागदी पॅकिंगं, एकावर एक तीन.

तिघाही मेकॅनिकांना जाब विचारून आले. आम्ही पंपाला हातच लावला नाही, असं तिघं म्हणतात. तिसऱ्यानं तर सिद्धरामेश्वराची शपथ घेतली. मग काढला कुणी? अप्पांनी तर कधी स्क्रू पिळला नाही. तुम्हाला काही सुचतं का?

उत्तराकडे डोळे लावून,
श्रीदेवी


बार्शी
दि. ११ मे

चि. श्रीदेवी,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. गॅरेजचं कुलूप गंजलं होतं ते उघडायला एक दिवस लागला, आणि हे लिहायला पाच दिवस.

मेकॅनिकांना बोल लावू नको. फळीवर सगळ्यात मागे एक डबा होता. त्यावर माझ्याच हातानं लिहिलंय, अण्णा. आत तो ठोकळा आहे.

इंजिन बांधलं तेव्हा जानेवारी होता. गड्ड्याच्या यात्रेआधी अण्णाला गाडी हवी होती. पंप बसवताना घाईत ठोकळा हाताशी सापडेना, म्हणून तात्पुरती तीन कागदी पॅकिंगं लावली. घरचीच गाडी, मागाहून बघू म्हटलं. गिऱ्हाइकाची असती तर डबा रिकामा झाल्याशिवाय बॉनेट लावलं नसतं. तो नियम मी परक्यांसाठी पाळला.

थंडीत गाडी चांगली चालली. चैत्रात अण्णानं सांगितलं, की बंद पडते, तेव्हा मला ठोकळा आठवला नाही. नाही, हे खोटं लिहिलं. आठवू लागला होता, मी आठवू दिला नाही. चार माणसांत त्याला म्हणालो, तुला चालवता येत नाही. पाच वर्षं तो भर उन्हात रस्त्याकडेला उभा राहिला असेल. त्याच्या मागेही हॉर्न वाजले असतील.

अण्णा खरा होता. मी त्याच्या तेराव्याला जेवून आलो आणि तेव्हाही बोललो नाही.

हे पत्र त्याच्या फोटोपुढं मोठ्यानं वाच. पत्र आणि डबा आजच एसटीच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. कुणीही मेकॅनिक अर्ध्या तासात बसवील. मला बोलवू नको. हात थरथरतात आणि कान गेलेत.

लोभ राहिला नाही तरी मी समजून घेईन.
चन्नवीर


सोलापूर
दि. १४ मे

तीर्थरूप काकांना,
श्रीदेवीचे शरणु. सा. न. वि. वि.

डबा पोचला. तुमचं पत्र वाचल्यावर दोन दिवस तुमचा फार राग आला. डबा उघडलासुद्धा नाही. अप्पा घामानं निथळत घरी यायचे आणि आम्ही म्हणायचो, अप्पा, जरा नीट चालवत जा. आम्हीसुद्धा! तुमचं ऐकून. तुमच्यावर राग आहे तो त्याचा, आणि एक राग माझा माझ्यावरच आहे, दोन्ही अजून गेलेले नाहीत.

पण फोटोपुढं पत्र वाचायचं काम माझ्यावर टाकू नका. ते मी करणार नाही. इथं येऊन तुम्ही स्वतः सांगा, मोठ्यानं. तुम्हाला तुमचा आवाज ऐकू आला नाही तरी चालेल. घरात बाकी सगळ्यांना येईल.

आणि ठोकळा दुसरं कुणी बसवणार नाही. हात थरथरत असतील तर पाना मी धरते. इंजिन ऐकायचं कामही माझं. मी ऐकीन आणि बोटांनी खुणा करून तुम्हाला सांगीन. मग भर दुपारी आपण दोघं बार्शी रस्त्यावर फेरी मारू. मी चालवीन. टॉपमध्ये दडपते का, ते शेजारी बसून बघा. पासिंगला त्यानंतर चार दिवस उरतात. नंदीशला कळवलंय, की भंगारवाल्याला इतक्यात बोलवू नको.

सोमवारी सकाळच्या एसटीनं या. काकूंनाही आणा, इथं गुडघ्याला तेल लावायला मी आहे.

गाडी अंगणात आहे. डबा अजून रिकामा झालेला नाही, म्हणून बॉनेट उघडंच ठेवलंय.

वाट पाहणारी,
तुमच्या अण्णाची
श्रीदेवी